पान चालतं, फूल चालत नाही

मागच्या दिवाळीनंतर मावसभावाचा व्हॉट्सअॅप आला. एका छोट्या काचेच्या बाटलीचा फोटो, खाली किंमत, आणि एकच प्रश्न : "दादा, हे आईला चालंल का?" बाटलीवर हिरव्या पाच बोटांच्या पानाचं चित्र होतं. नाव होतं विजया. तीस मिलीलिटरला साडेतीन हजार रुपये.

मावशीला कॅन्सर होता. हाडांत उतरला होता. रात्री दोन वाजता ती उठून बसायची आणि पहाट होईपर्यंत भिंतीला टेकून राहायची. मी पुण्यात कोड लिहितो. पण घरातला एकटा इंजिनियर असल्यामुळे मोबाइलच्या सेटिंगपासून मावशीच्या औषधापर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. भावाला म्हटलं, दोन दिवस दे, बघून सांगतो.

बघता बघता दोन महिने गेले. कारण पहिलाच प्रश्न असा निघाला की त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जाता येईना. राणीसावरगावच्या आसपास कुणाच्या तुरीत गांजाची चार झाडं सापडली तर त्याचा फोटो पोलिसांसोबत पेपरात येतो, जामिनाला महिने लागतात. आणि त्याच झाडाचं तेल मावशीच्या घरी कुरिअरने येतं, पावतीसकट, जीएसटी लावून. हे कसं?

आधी एक गोंधळ मिटवतो, कारण मी स्वतः त्यात अर्धा दिवस घालवला. इंग्रजीत 'हेंप' शोधलं की 'डेक्कन हेंप' आणि 'बॉम्बे हेंप' अशी नावं येतात. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच. होतंही आपलंच, पण गांजा नव्हे. डेक्कन हेंप म्हणजे अंबाडी, जिची भाजी आपण कण्या घालून भाकरीबरोबर खातो आणि जिच्या वाखाचे कासरे आबा वळायचे. बॉम्बे हेंप म्हणजे ताग. दोन्हींचा गांजाच्या झाडाशी नात्याने काही संबंध नाही. दोर निघेल त्याला हेंप म्हणायची इंग्रजांना सवय होती, एवढंच. खरं हेंप म्हणजे कॅनाबिस, आणि त्याच्या एकाच झाडापासून आपल्याकडे तीन वस्तू ओळखल्या जातात : पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्या फुलोऱ्याच्या चिकाचा चरस. नशा आणणारं टीएचसी नावाचं द्रव्य फुलोऱ्यात जास्त, पानात कमी. हा पान आणि फूल यांतला फरक लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आयुर्वेदात या झाडाला भंगा म्हणतात आणि विजयाही. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे. आपल्या भागाला तर ग्रंथ उघडायचीही गरज नाही. महाशिवरात्रीला परळीला किंवा औंढ्याला गेलेल्या कुणालाही विचारा, चिलीम आणि साफी काय असते ते. शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत काशीहून आलेला गोसावी नवसाचा गांजा घेऊन येतो, तो प्रसंग घरोघरी पारायणात वाचला जातो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्याच घरात 'गंजेडी' ही शिवीही आहे. माझ्या आज्जीच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण कधीच झालं नाही. गोसाव्याचा गांजा वेगळा, घर बुडवणाऱ्याचा वेगळा.

डॉक्टरी औषध म्हणून याची नोंद पहिल्यांदा नीट केली ती विल्यम ओशॉनेसी या आयरिश माणसाने. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तो प्राध्यापक होता. १८३९ मध्ये त्याने गांजावर निबंध वाचला. आधी लोकांना विचारलं, मग जनावरांना देऊन पाहिलं, मग धनुर्वात, पटकी, संधिवात, कुत्रं चावल्याने पिसाळलेले अशा रुग्णांना अर्क दिला. पिसाळलेला रोगी वाचला नाही, पण त्याचे शेवटचे तास सुसह्य झाले, हे ओशॉनेसीने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. आणखी एक रुग्ण होती चाळीस दिवसांची तान्ही मुलगी. तिला झटके येत होते. अर्काच्या थेंबांनी ते थांबले. पुढे तो विलायतेला जाताना हे औषध घेऊन गेला आणि तिथल्या औषधांच्या दुकानांत गांजाचा अर्क मिळू लागला.

याच माणसाने त्याच सुमारास कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणाऱ्या तारा त्याच्याच देखरेखीखाली पडल्या. म्हणजे आपल्या देशाचं पहिलं नेटवर्क उभं करणारा आणि गांजाची पहिली शास्त्रशुद्ध चाचणी घेणारा माणूस एकच. ही गोष्ट आमच्या टीममध्ये कुणालाच माहीत नव्हती आणि सांगितल्यावर ज्या प्रकारचे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

खरा खजिना मात्र यानंतर चोपन्न वर्षांनी तयार झाला. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत केन नावाच्या दारूबंदीवादी सदस्याने बंगालातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. हिंदुस्थानातले वेडे गांजाने होतात, मग सरकार त्यावर कर घेऊन विकू कसं देतं, असा तो रोख. त्यावर सरकारने सात जणांचा आयोग नेमला, इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, चार इंग्रज आणि तीन हिंदी सभासद. मुंबई इलाख्यातले एक कलेक्टर, ऑमनी, त्यात होते. आयोग गावोगाव फिरला. १,१९३ साक्षीदार तपासले : डॉक्टर, वैद्य, हकीम, मामलेदार, मिशनरी, व्यापारी, शेतकरी. १८९४ मध्ये अहवाल आला. सात खंड, तीन हजारांवर पानं. आज कुणीही फोनवर उघडून वाचू शकतो, फक्त चार्जर जवळ ठेवा.

आपल्याकडचं त्यात बरंच आहे. मुंबई इलाख्यात गांजाचं पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होतं, परवान्यावर. मध्य प्रांताचा गांजा खांडव्याकडचा. पिकाचं तंत्र असं : फुलोरा येण्याआधी शेतातली नर झाडं ओळखून उपटून टाकायची, म्हणजे मादीला बी धरत नाही आणि चीक वाढतो. एक नर राहिला तरी आसपासचं पीक बिघडतं. बंगालात तर नर ओळखणारे खास जाणकार पैसे देऊन बोलावत. माल सरकारी गोदामात जायचा, वजन व्हायचं, कर लागायचा, मग परवानाधारक दुकानात. आमचा परभणी भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे आमचे आजे-पणजे इंग्रजांच्या या हिशेबात थेट येत नाहीत. पण संस्थानांच्या हद्दीतून चोरून येणारा गांजा ही इंग्रज अधिकाऱ्यांची कायमची डोकेदुखी, आणि ती अहवालात दिसते. मुंबईचा एक अधिकारी, जेम्स कॅम्बेल, ज्याने मुंबई इलाख्याची गॅझेटियरं संपादित केली, त्याने आयोगाला भांगेच्या धार्मिक स्थानावर स्वतंत्र टिपण लिहून दिलं. इतक्या आपुलकीने लिहिलंय की वाचताना वाटतं, साहेब स्वतः कधीतरी ठंडाईला बसले असणार.

पण मला अडकवलं ते वेड्यांच्या आकड्यांनी.

तेव्हा सगळीकडे एक समज पक्का होता की वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत. पुरावा काय, तर इस्पितळांचे वार्षिक तक्ते. त्यात 'वेडाचं कारण' असा रकाना होता आणि वर्षानुवर्षं त्यात 'गांजा' भरलेलं होतं. आयोगाने १८९२ सालचे तक्ते घेतले आणि एकेक रुग्णाची पुन्हा चौकशी केली. त्या वर्षी १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांचं कारण गांजा-भांग-चरस लिहिलं होतं. चौकशीनंतर उरले ९८. त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणं मिसळलेली होती. निव्वळ या पदार्थांमुळे म्हणता येतील असे ६१.

बाकीचे कुठून आले? कोणीही सॉफ्टवेअरवाला लगेच ओळखेल. तो रकाना भरणं आवश्यक होतं. रस्त्यात सापडलेला वेडा पोलीस इस्पितळात आणायचे. त्याचा ना नातेवाईक, ना इतिहास. कागदावर कारण तर लिहायला हवं. शिपाई विचारायचा, गांजा ओढतो का? कुणीतरी म्हणायचं, ओढत असेल. झालं. डॉक्टर तेच खाली उतरवायचा आणि पुढच्या वर्षी तो डेटा बनायचा. फॉर्ममध्ये 'माहीत नाही' हा पर्याय नसला की लोक पहिला सोयीचा पर्याय निवडतात, हे आम्ही प्रत्येक प्रोजेक्टमध्ये नव्याने शिकतो. आयोगाने ते १८९४ मध्ये सिद्ध केलं, एक्सेल नसताना.

निष्कर्ष असा आला : बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अति करणाऱ्याला होतो, आणि बहुतेक लोक बेतानेच घेतात. बंदी घालू नका, कर लावा, परवाने द्या, घरगुती लागवड रोखा. यात सरकारच्या तिजोरीचा स्वार्थ नव्हता असं म्हणणं भोळेपणाचं होईल. कर मिळत होता आणि तो हवाच होता. पण हा अहवाल स्वार्थी म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी ते ६१ आणि २२२ एकदा बघावेत.

दुसऱ्या बाजूलाही माझं तेच म्हणणं आहे. गांजा म्हणजे निरुपद्रवी वनस्पती, असं रीलवर सांगणारे भरपूर आहेत. ६१ म्हणजे शून्य नव्हे. आताचं संशोधन सांगतं की कोवळ्या वयात, रोज, जास्त टीएचसीचा माल घेणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो. आमच्या हॉस्टेलवर एक हुशार मुलगा होता. तिसऱ्या वर्षी तो आपल्या खोलीच्या भिंतीत कुणीतरी ऐकतंय म्हणू लागला. त्याचे वडील एसटीने येऊन त्याला घेऊन गेले. त्याच्या आजाराचं कारण एकटा गांजा होता का, हे त्या जुन्या रकान्यात मी भरणार नाही. पण तो ओढत होता, खूप.

तर १८९४ मध्ये एवढा मोठा अहवाल 'बंदी नको' म्हणतो, आणि १९८५ मध्ये बंदी येते. मधे काय घडलं?

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आधी १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. नाव दारूचं, पण व्याख्येत भांग, गांजा, चरस सगळे. पुढे मराठवाडा निजामातून सुटून द्विभाषिक मुंबईत आणि मग महाराष्ट्रात आला, तसा हा कायदाही आपल्यापर्यंत आला. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात, मध्य प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं दिसतात आणि आपल्याकडे परवान्याशिवाय भांग बाळगणंही गुन्हा आहे. होळीला व्हॉट्सअॅपवर फिरणारा 'भांग तर लीगल आहे भाऊ' हा मेसेज नागपूर-परभणीत कामाचा नाही, हे जाता जाता.

मग १९६१. संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांचा करार. त्यात गांजा अफू-हेरॉइनच्या रांगेत बसवला. भारताच्या शिष्टमंडळाला अडचण होती : देशात भांग देवाला चढते. तडजोड अशी निघाली की करारातल्या कॅनाबिसच्या व्याख्येत फुलोरा घ्यायचा, नुसती पानं वगळायची. शिवाय जिथे वापर परंपरेने चालत आला आहे तिथे तो बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. राजीव गांधींच्या सरकारने चार वर्षं आधीच, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, एनडीपीएस कायदा लागू केला. त्यातली गांजाची व्याख्या करारातूनच आली आहे : फुलोरा, सोबत नसलेली पानं आणि बिया सोडून.

मावशीच्या बाटलीचं उत्तर हे असं. तेल पानांचं आहे म्हणून ते केंद्राच्या कायद्याने गांजा ठरत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना मिळतो. औषध कायद्याच्या यादीत भंगा विषारी द्रव्यांत मोडते, त्यामुळे लेबलवर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना असते. शेतकऱ्याचं मात्र तसं नाही. त्याच कायद्यात झाड लावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं आणि जामीन जवळपास अशक्य. आता शेतातून उपटलेली हिरवी झाडं काट्यावर टाकली, मुळं, देठ, पानं, माती सगळ्यासकट, तर वीस किलो व्हायला कितीसा वेळ लागतो? हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात वारंवार आला आहे आणि फुलोरा वेगळा न करता केलेल्या वजनामुळे आरोपींना जामीनही मिळाले आहेत. पण तिथपर्यंत पोचायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, गांजाला मिळतो, तरी मला दोन एकरांत लावायची परवानगी द्या. उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून लावीन. पोलिसांनी प्रसिद्धीसाठीचा प्रकार म्हणून सोडून दिलं, लोक हसले. मीही तेव्हा तो स्क्रीनशॉट हसून पुढे पाठवला होता. आता वाटतं, अर्ज मूर्खपणाचा नव्हता. कायद्यातच कलम १४ आहे, ज्याखाली सरकार धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या जातीसाठी ती दिली. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये लागवडीच्या बाजूने ठराव केला. अर्थात मोहोळच्या माणसाला धागा विकायचा नव्हता, आणि ०.३ टक्क्यांच्या झाडाला तो भावही येत नाही. हे कुणी त्याला समजावून सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं.

इकडे जगात वारं फिरलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत घातक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. ही बातमी आपल्याकडे आली तेव्हा टीव्हीवर एका अभिनेत्रीच्या व्हॉट्सअॅप चॅटमधला गांजा गाजून जेमतेम तीन महिने झाले होते.

आणि औषधाचं काय? मला मावशीसाठी तेच हवं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेत एपिडिओलेक्स हे औषध मंजूर झालं. शुद्ध सीबीडी, म्हणजे या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य. कशासाठी? लहान मुलांच्या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारच्या झटक्यांसाठी. ओशॉनेसीच्या चाळीस दिवसांच्या मुलीनंतर १७९ वर्षांनी. केमोथेरपीच्या उलट्यांवर टीएचसीसारखी औषधं १९८५ पासून, म्हणजे योगायोगाने आपल्या बंदीच्याच वर्षापासून, अमेरिकेत मिळतात. पण कॅन्सरच्या दुखण्यावर? गांजाच्या अर्काच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांत अपेक्षित फरक दिसला नाही. बाटलीच्या जाहिरातीत हे कुठेच नव्हतं. तिथे 'पाच हजार वर्षांचं ज्ञान' होतं.

हे वाचताना एक गोष्ट हाती लागली, जी मी शोधत नव्हतो. १९८५ च्या त्याच कायद्यात मॉर्फिनही आलं. कॅन्सरच्या दुखण्यावरचं जगभर मान्य, स्वस्त औषध, अफूपासून बनणारं. आणि अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, परवान्यावर पिकते. कायद्यानंतर राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने लागू लागले, नोंदीतल्या चुकीलाही तुरुंगाची भीती, म्हणून औषधविक्रेत्यांनी आणि दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने ते कधी लिहूनच दिलं नाही. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन देशभर एकच सोपी पद्धत आली, पण सवय मोडलेली ती मोडलेलीच.

मी भावाला फोन केला. म्हटलं, मावशीला मॉर्फिनची गोळी कुणी दिलीय का?

"ती नशेची असती म्हणले ना रे. डॉक्टर म्हणले सवय लागंल."

मावशी तेव्हा एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्याकडे, डॉक्टरांच्याच अंदाजाने, सहा महिने होते.

ती गोळी देणारा विभाग शोधायला आणखी तीन आठवडे गेले. जिथे उपचार चालू होते त्या दवाखान्यात नव्हती. शेवटी दुसऱ्या शहरात एका ठिकाणी मिळाली, वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. एका गोळीची किंमत बाटलीतल्या एका थेंबाहूनही कमी पडली असेल. मी त्यांना विजयाच्या बाटलीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, झोपेला बरं वाटत असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या, पण याच्याऐवजी नको.

तेल भावाने तोवर मागवलंच होतं. मावशीने दोन-तीन रात्री घेतलं, मग "कडू लागतंय" म्हणून ठेवून दिलं. गोळी मात्र तिने वेळेवर घेतली, मोबाइलमध्ये अलार्म लावून. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा ती अंगणात बसून अंबाडीचा पाला निवडत होती. मला म्हणाली, "ते तुझं गांजाचं तेल कपाटात हाय बघ. घिऊन जा पुण्याला, नाहीतर पोलीस यायचे."

काका आतून ओरडले, "ते पानाचं हाय, चालतं!"

बाटली अजून तिथंच आहे, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, अर्धी.